दाताचा रंग आणि कॅमेऱ्याची साक्ष

पुढच्या दातांवरील कॅपविषयी या सदरात मागे ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांत कॅपच्या मजबुतीपेक्षा तिच्या रंगाविषयीच अधिक विचारणा आहे, म्हणून या वेळचे सदर दाताचा रंग जुळवणे आणि त्यासाठी काढली जाणारी डिजिटल छायाचित्रे या एकाच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : वरच्या पुढच्या एका दाताचे रूट कॅनॉल झाल्यावर मी त्यावर मेटल सिरॅमिकची कॅप बसवून घेतली. दवाखान्यातल्या आरशात ती शेजारच्या दातासारखीच वाटली. घरी अंगणातल्या उजेडात मात्र ती निस्तेज, राखाडी दिसली, आणि भाचीच्या लग्नाच्या फोटोंत तोच दात पांढराफटक होऊन उठून दिसतो. एकाच कॅपचे तीन ठिकाणी तीन रंग कसे? डॉक्टर नवी कॅप करून द्यायला तयार आहेत, परंतु त्याआधी कॅमेऱ्याने फोटो काढावे लागतील असे म्हणतात. दात समोर दिसत असताना फोटो कशाला? — एक शिक्षिका, सातारा

उत्तर : साडीवर ब्लाउजपीस घेताना आपण कापड दुकानाच्या दारापाशी नेऊन उजेडात धरतो, ते उगीच नव्हे. दोन कापडांचे रंग निरनिराळ्या द्रव्यांपासून केलेले असतील, तर ते ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळूनही उन्हात वेगळे दिसू शकतात. रंगविज्ञानात याला मेटॅमेरिझम म्हणतात. आपला दात इनॅमल (वरचा कठीण थर) आणि डेंटीन (त्याखालचा थर) यांचा, तर कॅप पोर्सलीनची आणि रंगद्रव्यांची. त्यामुळे दोघांची प्रकाशाशी वागण्याची रीत मुळातच निराळी. दवाखान्यातल्या दिव्याखाली जे जुळले, ते अंगणात जुळेलच असे नाही. म्हणूनच शेड, म्हणजे कॅपसाठी निवडायची रंगछटा, निदान दोन प्रकारच्या उजेडात पाहावी, आणि त्यांतला एक दिवसाचा असावा.

लग्नाच्या फोटोंचे कारण वेगळे आहे. मेटल सिरॅमिकच्या कॅपमध्ये आत धातू असतो आणि त्याचा काळपटपणा झाकण्यासाठी त्यावर अपारदर्शक थर द्यावा लागतो. खऱ्या दातात प्रकाश आत शिरतो, विखुरतो आणि मगच बाहेर येतो. या कॅपमध्ये तो त्या थरावरून लगेच माघारी फिरतो. फ्लॅशचा प्रखर झोत समोरून आला की हा फरक ठळक होतो आणि कॅप पांढरी चमकते. मंद उजेडात तिच्यात खोली नसल्याने तीच मृतवत दिसते. हिरडीजवळ राखाडी रेघही दिसत असेल, तर ती बहुधा धातूच्या कडेची किंवा आतल्या काळवंडलेल्या मुळाची असते.

आता फोटो कशाला, हा आपला खरा प्रश्न. डॉक्टरांना दात दिसतो, हे खरे. परंतु कॅप डॉक्टर करीत नाहीत. ती लॅबमधला टेक्निशियन करतो, आणि बहुतेक वेळा ती लॅब दुसऱ्या गावी असते. त्याच्या हाती येते ते दातांचे माप आणि एक चिठ्ठी, जिच्यावर ‘ए३’ अशी दोनच अक्षरे लिहिलेली असतात. ही अक्षरे ज्या शेड गाइडमधली, म्हणजे रंगनमुन्यांच्या पट्टीतली, आहेत, ती व्हिटा या जर्मन कंपनीची मूळ पट्टी १९५६ सालची आहे. तिच्यात एकूण १६ नमुने आहेत : ए गटात तांबूस तपकिरी, बी गटात तांबूस पिवळे, सी गटात राखाडी आणि डी गटात तांबूस राखाडी. माणसांचे दात या सोळा खणांत बसायला बांधील नाहीत. शिवाय एकच दात हिरडीजवळ गडद, मध्ये उजळ आणि धारेपाशी काचेसारखा निळसर पारदर्शक असतो. कुठे दुधी ठिपका असतो, कुठे केसासारखी बारीक चीर असते. हे सगळे ‘ए३’ या दोन अक्षरांत मावत नाही. फोटो हे डॉक्टरांनी टेक्निशियनला लिहिलेले सविस्तर पत्र आहे, असे समजा.

आपल्याकडून तीन गोष्टींची मदत होईल. त्या दिवशी लिपस्टिक लावू नका आणि भडक रंगाचे कपडे टाळा, कारण डोळा शेजारच्या रंगाने फसतो. शेड आणि फोटो भेटीच्या अगदी सुरुवातीला, इतर कोणतेही काम होण्याआधी घ्यावेत, असे आवर्जून सांगा. आणि अंतिम चकाकी देण्यापूर्वी कॅप तोंडात लावून पाहण्याची जी फेरी असते, जिला दवाखान्यात बिस्क ट्रायल म्हणतात, ती वगळू देऊ नका. रंगात बदल हवा असेल तर त्या टप्प्यावर तो सहज करता येतो. पुढच्या दोन दातांपैकी एकच कॅप शेजारच्या नैसर्गिक दाताशी जुळवणे हे आमच्या व्यवसायातले सर्वांत अवघड काम समजले जाते, हेही लक्षात असू द्या. दोन्ही दातांवर कॅप असती, तर कोणाला काही कळलेही नसते.

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी माझा दवाखाना आहे आणि लॅब नागपूरला आहे. पुढच्या दातांच्या कॅप रंगासाठी परत पाठवण्याची वेळ वारंवार येते. कॅमेरा घ्यावा असे ठरवले आहे, पण महागडे साहित्य परवडणार नाही. किमान काय लागेल आणि फोटो नेमका कसा काढावा? — एक तरुण दंतवैद्य

उत्तर : कॅमेऱ्यापेक्षा लेन्स आणि फ्लॅश महत्त्वाचे आहेत. अदलाबदल करता येणाऱ्या लेन्सचा कोणताही जुना, वापरलेला कॅमेरा चालेल. त्यावर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घ्या, म्हणजे रुग्णाच्या तोंडापासून पुरेसे अंतर राहते आणि दातांचा आकार बिघडत नाही. लेन्सभोवती बसणारा रिंग फ्लॅश मागच्या दातांसाठी सोयीचा असतो, परंतु पुढच्या दातांवर त्याचा प्रकाश सपाट पडतो आणि दाताच्या मधोमध पांढरे चकाकते कडे उमटते, नेमके जिथे रंग पाहायचा तिथेच. दोन बाजूंना दोन लहान फ्लॅश आणि त्यांवर प्रकाश मऊ करणारे पांढरे आवरण, अशी मांडणी मला अधिक बरी वाटते.

कॅमेऱ्यात स्वयंचलित असे काहीही ठेवू नका. आयएसओ १०० किंवा २००, शटर एक सेकंदाचा १२५वा भाग, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ २२, फ्लॅशची ताकद हाताने ठरवलेली, व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून केलेली जुळणी) सुमारे ५५०० केल्विनवर पक्का आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात. ॲपर्चर इतके लहान ठेवण्यामागे दोन हेतू आहेत. पहिला सर्वांना ठाऊक असतो, तो म्हणजे सुळ्यापासून सुळ्यापर्यंत सगळे दात स्पष्ट यावेत. दुसरा तितकाच मोलाचा आहे : एवढ्या लहान ॲपर्चरला खोलीतल्या दिव्यांचा प्रकाश फोटोत जवळजवळ उमटतच नाही, उमटतो तो फक्त फ्लॅशचा. त्यामुळे आपली ट्यूबलाइट पिवळी आहे की निळसर, बाहेर ढग आहेत की ऊन, याचा रंगाशी संबंध उरत नाही, आणि सहा महिन्यांपूर्वीचा फोटो आजच्या फोटोशेजारी ठेवता येतो.

एवढे करूनही, केवळ दाताचा फोटो रंगाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, हे स्वच्छ सांगतो. पडद्यावरचा पिवळेपणा दाताचा की पडद्याचा, हे टेक्निशियनला कळायला मार्ग नसतो. ज्याचा रंग आधीच ठाऊक आहे अशी वस्तू त्याच फोटोत असली पाहिजे. ती वस्तू म्हणजे शेड गाइडचा टॅब, पट्टीतला दाताच्या आकाराचा सुटा नमुना. लॅबकडे तसाच टॅब असतो. तो हातात धरून फोटोतल्या टॅबशी ताडून पाहिला की दात त्याहून किती उजळ, किती गडद, किती तांबूस आहे हे त्याला समजते. म्हणून निवडलेला टॅब आणि त्याहून एक उजळ व एक गडद असे तिन्ही टॅब लावून फोटो घ्या. टॅबवरचा क्रमांक वाचता आला पाहिजे. धारेला धार भिडवून टॅब दाताच्या रेषेत धरा, म्हणजे धारेजवळच्या भागाची तुलना धारेजवळच्या भागाशीच होईल. सोबत कोणत्याही रंगाची झाक नसलेले करडे प्रमाणित कार्ड एका फोटोत ठेवले, तर लॅबला संगणकावर व्हाइट बॅलन्स नेमका करता येतो.

टॅब दाताच्या पातळीतच हवा, ओठापुढे तरंगता नको. फ्लॅश दातापासून २० सेंटिमीटरवर आहे आणि टॅब दाताच्या एक सेंटिमीटर पुढे आला, असे समजा. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे टॅबवर दातापेक्षा सुमारे ११ टक्के जास्त प्रकाश पडेल. टॅब आहे त्याहून उजळ दिसेल, पर्यायाने दात गडद वाटेल, आणि लॅब इमानेइतबारे गडद कॅप करून पाठवील. आपल्याकडून परत गेलेल्या कॅपमध्ये अशा किती असतील, याचा एकदा शोध घ्या.

वेळेचा मुद्दा याहूनही नाजूक आहे. तोंड उघडे राहून, हवेच्या फवाऱ्याने किंवा कापसाने दात कोरडा झाला की इनॅमलमधल्या सूक्ष्म पोकळ्यांतले पाणी जाऊन तिथे हवा येते. इनॅमलचा वक्रीभवनांक सुमारे १.६२, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. हा फरक वाढला की प्रकाश अधिक विखुरतो आणि दात पांढरा, अपारदर्शक दिसू लागतो. काही मिनिटांत फरक जाणवतो आणि दात पूर्ववत होण्यास बराच काळ लागतो. रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावून काम केल्यानंतर तर त्या दिवशी शेड घेऊच नये. म्हणून आधी दात स्वच्छ करा, ओले राहू द्या, फोटो घ्या आणि मगच भुलीच्या इंजेक्शनकडे वळा. कॅपसाठी दात तासून झाल्यावर उरलेल्या दाताचाही एक फोटो हवा, विशेषतः कॅप पूर्ण सिरॅमिकची असेल तर. आतला काळपटपणा पातळ सिरॅमिकमधून डोकावतो आणि लॅबला त्याची आगाऊ कल्पना असावी लागते.

शेड ठरवताना डोळ्याचा क्रमही सांभाळा. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी रंगाची तीन अंगे वेगळी केली : ह्यू म्हणजे रंगाची जात, व्हॅल्यू म्हणजे उजळपणा आणि क्रोमा म्हणजे रंगाचा दाटपणा. आपण मराठीत ‘पिवळे दात’ असे सरसकट म्हणून मोकळे होतो, परंतु चार हातांवरून कॅप ओळखू येते ती पिवळेपणाच्या फरकाने नव्हे, उजळपणाच्या फरकाने. व्हिटानेच १९९८ मध्ये आणलेल्या थ्रीडी मास्टर पट्टीत म्हणूनच आधी उजळपणा ठरवायचा असतो. आपल्याकडे जुनीच पट्टी असेल, तर तिचे टॅब उजळपणाच्या क्रमाने मांडून घ्या. त्या क्रमात बी१ सर्वांत पुढे आणि सी४ सर्वांत मागे येतो. उजळपणाची खात्री करण्याचा एक फुकटचा उपाय म्हणजे तोच फोटो संगणकावर कृष्णधवल करणे. रंग गेला की दात आणि टॅब यांतला उजेड-अंधाराचा फरक लगेच दिसतो. मी स्वतः कितीतरी वेळा इथे माझी चूक पकडली आहे.

आपल्या भागापुरती एक गोष्ट. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत पाण्यातल्या जादा फ्लोराइडमुळे दातांवर खडूसारखे पट्टे आणि तपकिरी डाग असणारे रुग्ण आपल्याला रोज भेटत असतील. अशा तोंडात शेडचा क्रमांक जवळजवळ अर्थहीन ठरतो. कोणता पट्टा कुठून कुठे जातो, डाग किती खोल दिसतो, याचा नकाशाच लॅबला हवा असतो आणि तो फक्त फोटोतून मिळतो. तथापि डाग कॅपमध्ये उतरवायचे की नाही, हे रुग्णाला आधी विचारा. अनेकांना नवा दात तरी निर्मळ हवा असतो. माझे मत विचाराल तर बाकीचे दात तसेच राहणार असतील, तर मध्येच एक निष्कलंक दात उपरा वाटतो. पण तोंड रुग्णाचे आहे.

प्रश्न : मी अनेक वर्षे मशेरी लावते. दात काळपट झाले आहेत. पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज बसवायचा आहे. आधी दात साफ करावेत, की ब्रिज झाल्यावर? मुलगा दात ब्लीच करून घ्या असेही सुचवतो. — एक गृहिणी, बारामती

उत्तर : आधी. काळपट थर वरवरचा असतो आणि त्याच्याशी ब्रिज जुळवला, तर पुढे दात साफ केल्यावर ब्रिज एकटाच काळा राहील. ब्लीचिंग करायचेच असेल तर तेही ब्रिजच्या आधी, आणि ते पूर्ण झाल्यावर निदान दोन आठवडे थांबून शेड घ्यावी. ब्लीचनंतर सुरुवातीचा पांढरेपणा काहीसा उतरून स्थिर होतो. ब्रिजच्या पोर्सलीनवर ब्लीचचा परिणाम होत नाही. मशेरी मात्र रंगापेक्षा तोंडाच्या कर्करोगाचा धोका टाळण्यासाठी सोडा.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते. डिसेंबरात बारा दिवसांसाठी ती येईल, तेव्हा पुढच्या दाताची कॅप करून घ्यायची आहे. वेळ वाचावा म्हणून तिने मोबाइलवर काढलेला दातांचा फोटो पाठवला, तर रंग आधीच ठरवून कॅप तयार ठेवता येईल का? — एक निवृत्त बँक अधिकारी, ठाणे

उत्तर : येणार नाही. माप घेतल्याशिवाय कॅप होत नाही, हे तर आहेच. पण रंगही त्या फोटोवरून ठरवता येत नाही. मोबाइल प्रत्येक फोटोत आपल्या बुद्धीने रंग आणि उजेड बदलतो. चेहरा ओळखला की अनेकदा त्वचा उजळ करतो, कधी दातांवरही हात फिरवतो, आणि हे सारे मालकाला न विचारता. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद कोनाची असल्याने जवळून घेतलेल्या फोटोत मधले दोन दात फुगलेले आणि बाजूचे आक्रसलेले दिसतात.

तरीही तो फोटो मागवाच. दातांची ठेवण, हसताना हिरडी किती दिसते, जुने काम कुठे आहे, हे त्यावरून डॉक्टरांना कळेल आणि भेटींचे नियोजन करता येईल. तिने खिडकीसमोर उभे राहून, फ्लॅश व फिल्टर बंद ठेवून, मागच्या कॅमेऱ्याने दुप्पट झूम करून आणि थोडे दुरून दुसऱ्या कोणाकडून फोटो काढून घ्यावा. रंग ती आल्यावर पहिल्या भेटीतच घ्यावा. बारा दिवसांत हे काम बसते, मात्र बिस्क ट्रायलसाठी एक दिवस राखून ठेवा आणि देवदर्शनाचे दौरे त्याच्या पुढेमागे आखा.

प्रश्न : मी हौशी निसर्गछायाचित्रकार आहे. पाण्यावरची चकाकी घालवण्यासाठी पोलरायझर वापरतो. माझ्या दंतवैद्यांनी फ्लॅशवर आणि लेन्सवर अशा दोन्हींवर पोलरायझर लावून माझ्या दातांचे फोटो काढले. ते फारच विचित्र, मातकट दिसत होते. याचा उपयोग काय? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण तळ्याच्या पृष्ठभागावरचे प्रतिबिंब घालवून तळ पाहता, दंतवैद्य तेच दातावर करतात. फ्लॅशवरच्या फिल्ममधून निघालेला प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो. दाताच्या ओल्या पृष्ठभागावरून तो जसाच्या तसा परावर्तित होतो, आणि लेन्सवरची फिल्म पहिलीशी ९० अंशांत फिरवलेली असल्याने तिथेच अडतो. जो प्रकाश दाताच्या आत शिरून इनॅमल-डेंटीनमध्ये विखुरला, त्याची दिशा विस्कटते, आणि त्याचा काही भाग लेन्सपर्यंत पोचतो. म्हणजे फोटोत उरतो तो चकाकी वजा जाता दाताच्या आतला रंग. धारेपाशी पारदर्शकता कुठे सुरू होते, आतले डेंटीन कोणत्या आकारात संपते, दुधी डाग कुठे आहेत, हे सगळे उघडे पडते. आपल्याला तो फोटो मातकट वाटला, कारण चकाकी नसलेला दात आपण प्रत्यक्षात कधी पाहतच नाही.

याची किंमत उजेडाने मोजावी लागते. पहिली फिल्म निम्मा प्रकाश गिळते, दुसरी उरलेल्याच्या निम्मा, म्हणजे हिशेबानेच दोन स्टॉप गेले, चौथा हिस्साच उजेड उरला, आणि फिल्म स्वतः शोषून घेते तो वेगळा. फ्लॅश म्हणून जोरकस लागतो. दुसरी मर्यादा अशी की चकाकीबरोबर दाताच्या पृष्ठभागावरचे उंचसखलपण, आडव्या सूक्ष्म रेषा यांचीही माहिती जाते, आणि कॅप खरी वाटायला त्यांचीही तेवढीच गरज असते. म्हणून लॅबला दोन्ही फोटो पाठवतात.

या पद्धतीचा पुढचा टप्पा आपल्यासारख्यांना रुचेल. साशा हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या ‘ई-लॅब’ पद्धतीत अशा फोटोत प्रमाणित करडे कार्ड ठेवतात, रॉ फाइल संगणकावर त्या कार्डाच्या ठाऊक असलेल्या मूल्याला आणून बसवतात आणि मग दाताचा रंग थेट आकड्यांत वाचतात. त्या आकड्यांवरून पोर्सलीनचे मिश्रण ठरते आणि तयार कॅप रुग्णाकडे जाण्यापूर्वी फोटोतच दाताच्या जागी बसवून तपासता येते. इथे कॅमेरा निव्वळ चित्र काढत नाही, मोजमाप करतो.

प्रश्न : मोजमापच करायचे तर रंग मोजणारे यंत्र का वापरू नये? आमच्या डॉक्टरांकडे ते आहे. आकडा आला की वाद मिटला. — एक निवृत्त अभियंता, पुणे

उत्तर : आपण म्हणता ते यंत्र, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, चांगलेच आहे. उजेड कसाही असला तरी त्याचे स्वतःचे दिवे असतात, ते थकत नाही आणि त्याला रंगांधत्व नसते. (उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्या रंगांतला फरक नीट कळत नाही, आपल्याकडे हे प्रमाण त्याहून कमी असले, तरी पुरुष दंतवैद्यांनी आपली दृष्टी एकदा तपासून घ्यावी हे बरे.) मात्र दवाखान्यांत सर्रास वापरले जाणारे यंत्र दाताच्या लहानशा भागाचा रंग सांगते. त्या भागाच्या वर काय, खाली काय, डाग कुठे, हे त्याच्या आकड्यात नसते. त्याचे टोक थोडे तिरके टेकले किंवा दाताच्या कडेला गेले, तरी आकडा बदलतो.

आकड्याने वाद मिटेल, हेही पूर्ण खरे नाही. दोन रंगांतले अंतर डेल्टा ई या मापाने सांगतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात पारविना आणि सहकाऱ्यांना असे आढळले की हे अंतर सुमारे १.२ असताना निम्म्या निरीक्षकांना फरक जाणवतो आणि सुमारे २.७ असताना निम्मे निरीक्षक तो नापसंत करतात. या दोन आकड्यांच्या मध्ये जी जागा आहे, तिथे फरक दिसतो पण चालतो. आणि तो कोणाला चालतो हे यंत्र सांगू शकत नाही. मी यंत्राचा आकडा, टॅब लावलेला फोटो आणि रुग्णाचे मत असे तिन्ही घेतो. तिन्हींत मतभेद झाले तर आकडा बाजूला ठेवतो.

प्रश्न : दवाखान्यात काढलेले माझे फोटो डॉक्टर इंटरनेटवर टाकू शकतात का? — एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या संमतीशिवाय नाही. उपचारासाठी फोटो काढण्याची आणि लॅबला पाठवण्याची संमती एक, प्रसिद्धीसाठीची संमती दुसरी. पहिलीत दुसरी येत नाही. रंगासाठी ओठांच्या आतला भाग पुरतो, डोळे दिसण्याची गरज नसते.

प्रश्न : मी गेली अनेक वर्षे दातांच्या लॅबमध्ये सिरॅमिकचे काम करतो. डॉक्टर मंडळी आता फोटो पाठवू लागली आहेत, पण ते पाहून गोंधळ वाढतो. व्हॉट्सॲपवर अंधुक फोटो येतो, टॅब उलटा धरलेला असतो, क्रमांक बोटाखाली झाकलेला असतो, आणि खाली लिहिलेले असते, ‘मॅच करून द्या’. कॅप जुळली नाही की दोष आमचा. आम्ही काय करावे? — एक डेंटल टेक्निशियन, सांगली

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, आणि ती माझ्या व्यवसायबंधूंनी ऐकावी म्हणून पत्र जवळजवळ जसेच्या तसे दिले आहे. टॅब उलटा धरला म्हणजे त्याचा हिरडीकडचा गडद भाग दाताच्या पारदर्शक धारेशेजारी येतो. अशा फोटोवरून आपण काहीही ठरवू नये, सरळ परत पाठवावा. एकदा-दोनदा काम थांबले की टॅब सुलट धरला जातो.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि त्यातले बारकावे जातात. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल शाबूत पोचते. रॉ फाइल मोठ्या असतात, त्यांसाठी ईमेल किंवा क्लाउडची लिंक मागवा. हे लॅबच्या चिठ्ठीवरच छापून घ्या : कोणत्या कंपनीची शेड गाइड वापरली, फोटो शेड घेतेवेळचा आहे की दात तासल्यानंतरचा, कॅपखाली येणाऱ्या तासलेल्या दाताचा रंग काय, कॅप कोणत्या प्रकारची. रिकामी चौकट दिसली की माणूस ती भरतो.

आपल्या बाजूलाही दोन गोष्टी पाहाव्या लागतील. मोबाइलच्या पडद्यावर रंगाचा निर्णय घेऊ नका. संगणकाचा मॉनिटर कॅलिब्रेट करून घ्या आणि रात्री पडदा पिवळा करणारी सोय त्या मॉनिटरवर कायमची बंद ठेवा. ज्या टेबलावर पोर्सलीनचे थर देता, तिथला दिवा दिवसाच्या उजेडाच्या जवळचा, ५००० ते ६५०० केल्विनचा आणि रंग खरे दाखवणारा, म्हणजे रंगदर्शकता निर्देशांक ९० च्या वरचा असू द्या. वर्षानुवर्षे हाताळून, निर्जंतुक करून टॅबही मळतात आणि झिजतात. आपली पट्टी आणि डॉक्टरांची पट्टी एकदा शेजारी ठेवून पाहा. दोन्हींवर ‘ए२’ लिहिलेले असूनही त्या वेगळ्या दिसल्या, तर निम्म्या भांडणांचे मूळ तिथेच सापडेल.

आणखी एक मागणी आपण हक्काने करावी. कॅप चिकटवल्यानंतर आठवड्याभराने, दात पुन्हा पुरता ओला झालेला असताना, तोच टॅब लावून आणि त्याच सेटिंगवर काढलेला फोटो डॉक्टरांकडून परत मागा. आपण हजारो दात केले असतील, पण त्यांतले तोंडात बसलेले किती पाहिले? आलेली तक्रारच तेवढी आपल्यापर्यंत पोचते, जुळलेला दात कधीच पोचत नाही. असे वीस-पंचवीस फोटो जमले की त्या त्या डॉक्टरांचा ‘ए३’ प्रत्यक्षात कुठे पडतो, हे आपल्याला चिठ्ठी वाचतानाच कळू लागेल.